पुढच्या चाकाचा हब आणि त्याचे बेअरिंग
चारही चाकांना इंजिनची शक्ती पुरवता येणाऱ्या पिकअप ट्रकमध्ये पुढच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर नटांनी आवळले जाते त्या मध्यभागावर, गाडीचे वजन पेलण्याचे आणि आरपार गेलेल्या खाचेदार आसाकडून शक्ती घेऊन ती चाकाला देण्याचे असे दुहेरी काम असते. अमेरिकेत हेन्री टिमकेन यांना १८९८ मध्ये पेटंट मिळालेले निमुळत्या रोलरांचे बेअरिंग उभा भार आणि वळणावरचा आडवा रेटा दोन्ही सोसत असल्याने जुन्या ट्रकमध्ये अशी दोन बेअरिंगे ग्रीस भरून बसवत. अलीकडच्या अनेक अमेरिकी पिकअपमध्ये मात्र हब आणि बेअरिंग यांचा सीलबंद संच असतो, जो घरघरू लागला की अख्खाच बदलावा लागतो. खरी कसोटी गंजाची असते; बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीत हा संच नकलमध्ये, म्हणजे स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या आधारात, असा घट्ट बसतो की बोल्ट काढूनही हलत नाही, आणि तो निघाल्यावर बैठक तारेच्या ब्रशने घासण्याचा कंटाळा केल्यास नवा हब तिरका बसतो. आसाचा नट टॉर्क पान्याने, उत्पादकाने सांगितलेल्या मापापर्यंत आवळण्यापूर्वी गाडीचे वजन चाकावर टाकू नये, कारण त्याने नवे बेअरिंगही खराब होऊ शकते.