भोक पडलेला कोसा टाकाऊ असतो का?

"टाकाऊपासून टिकाऊ" हा विषय पीएचडीसाठी सोपा वाटतो ना? मलाही वाटला होता. माझ्या पहिल्याच आराखड्यावर सरांनी लाल पेनानं लिहिलं, "टाकाऊ म्हणजे काय? कुणासाठी?" आराखडा परत आला. या प्रश्नाचं उत्तर आपल्याच भागातल्या एका उदाहरणावरून बघू.

गडचिरोलीतलं आरमोरी आणि चंद्रपुरातलं नागभीड कोसा रेशमासाठी, म्हणजे टसरसाठी, ओळखलं जातं. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या वाढतात, कोश विणतात. पुढे दोन वाटा फुटतात.

पहिली वाट धाग्याची. पतंग निघण्याआधीच आतला जीव मारतात. कोश अखंड राहतो, तो शिजवून सलग धागा काढतात.

दुसरी वाट बियाण्याची. पुढच्या पिकाला अंडी हवीत, म्हणून पतंगाला बाहेर येऊ देतात. तो कोकूनेज नावाचं विकर सोडतो. त्यानं तंतूंना चिकटवणारं सेरिसिन विरघळतं, पतंग तंतू सारून बाहेर पडतो. फायब्रॉइन, म्हणजे खरं रेशीम, तसंच राहतं. फक्त सलग धागा निघणं अवघड होतं.

म्हणजे रेशीम खराब झालेलं नाही. एका प्रक्रियेला ते चालत नाही, एवढंच. दुसऱ्या प्रक्रियेला तोच कच्चा माल आहे: अशा कोशातून हातानं ओढून घिचा धागा काढतात, उरलेल्या तुकड्यांचा कातून कटिया होतो, कोशाच्या देठापासून बल्कल मिळतं. रिकाम्या कोशांची फुलं आणि हारही होतात.

तुमच्या आराखड्यासाठी यातून तीन कामं:

१. "टाकाऊ" कोणत्या प्रक्रियेच्या संदर्भात म्हणताय, ते एका वाक्यात लिहा.

२. प्रत्येक टप्प्यावर वजन करा. किती कोश आत गेले, किती धागा निघाला, किती उरलं? बेरीज जुळली पाहिजे.

३. वेळ मोजा. हे मी स्वतः विसरलो होतो. माझ्या तक्त्यात कच्च्या मालाची किंमत शून्य होती, आणि मजुरीचा रकानाच नव्हता. घरी बसून धागा काढणाऱ्या बाईचे तास त्यामुळे आपोआप फुकट ठरले, आणि धंदा कागदावर फायद्यात दिसला.

असा तक्ता उद्या एखाद्या योजनेचा आधार झाला, तर तोटा तिच्या वाट्याला येईल. म्हणून शेतावर, जंगलात किंवा कुणाच्या घरी जाताना वहीसोबत वजनकाटा आणि घड्याळही न्या.