टाचणीएवढं भोक

पावसात पुण्याजवळचा बोपदेव घाट चढत होतो. सायकलच्या हँडलवरच्या जीपीएस यंत्रात उंचीचा आकडा एका वळणावर थांबला तो थांबलाच. मांड्या सांगत होत्या चढ आहे, यंत्र सांगत होतं सपाटी. नकाशावरचा माझा ठिपका मात्र बिनचूक पुढं सरकत होता.

तो ठिपका जागेवर असणं हेच केवढं नवल! उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचावर, आणि त्याच्या संदेशाची ताकद जुन्या पिवळ्या बल्बएवढी, पन्नासेक वॅटची. सेकंदाच्या पंधराव्या भागात तो खाली पोचतो तेव्हा इतका क्षीण झालेला असतो की यंत्राच्या स्वतःच्या विद्युत कुजबुजीतही बुडून जातो. तरी यंत्र त्याला हुडकतं, कारण प्रत्येक उपग्रहाची १०२३ ठोक्यांची लय त्याला पाठ असते. जत्रेच्या गलक्यात आपल्या माणसाची हाक कळावी, तसं. शिवाय सापेक्षतेमुळे वरची घड्याळं दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढं पळतात. तो हिशेब आधीच धरला नसता, तर एका दिवसात चूक दहा किलोमीटरच्या वर गेली असती.

मग उंचीच का अडली? यंत्राला दिसणारे उपग्रह सगळे वरच्या बाजूचे, खालचे पृथ्वीआड. त्यामुळे उंचीचा अंदाज आडव्या जागेपेक्षा कच्चा राहतो. म्हणून चांगल्या यंत्रात हवेचा दाब मोजणारी चिप असते. साधारण साडेआठ मीटर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलनं उतरतो, आणि त्यातला लहानसा फरकही तिला कळतो! बाहेरची हवा तिच्यापर्यंत जाते ती टाचणीएवढ्या भोकातून. त्या भोकावर पावसाचा एक थेंब बसला होता. आत खालच्या वळणावरची हवा कोंडली गेली, आणि यंत्र प्रामाणिकपणे तीच मोजत राहिलं.

थेंब पुसला, आकडा चालू झाला. पुढच्या पावसात मात्र काचेच्या आतूनच धुकं धरलं. डब्यावर 'आयपीएक्स ७' छापलेलं होतं. म्हणजे एक मीटर खोल, स्थिर पाण्यात अर्धा तास. पण रस्त्यावर यंत्र उन्हात तापतं आणि सरीनं एकदम गार होतं. आतली हवा आकसते आणि रबरी कडीच्या फटीतून पाणी ओढून घेते. त्यात खड्ड्यांचे हादरे ती कडी रोज थोडी थोडी झिजवत असतात.

कंपनीला फोटोंसह सगळं लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: वॉरंटी संपली आहे, दुरुस्ती होत नाही, नवीन घेतल्यास सवलत देऊ. बिघाडापेक्षा हे उत्तर मला जास्त लागलं. माझ्या एका मित्राचा अनुभव तर याहून विलक्षण आहे. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवडा मोजायला दहाच बिट आहेत. १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. ७ एप्रिल २०१९ला, आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास, ती शून्यावर आली आणि त्याच्या जुन्या यंत्रानं तारीख दाखवली २२ ऑगस्ट १९९९. वार मात्र बरोबर, रविवारच! उपग्रह ठणठणीत, यंत्र ठणठणीत. हवा होता फक्त सॉफ्टवेअरचा छोटासा बदल. त्याच्या कंपनीनं तो केला नाही, आणि तो दुसऱ्या कुणाला करता येत नव्हता.

माझं यंत्र मी पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत नेलं. दुकानदारानं काच हलकेच उचलली, आतलं पाणी टिपलं, बोर्ड साफ केला आणि यंत्र सुरू केलं. दोन मिनिटांत ठिपका बुधवार पेठेत उमटला. मग त्यानं ती रबरी कडी चिमटीत धरून दिव्याखाली दाखवली. केसाएवढी भेग.

"साहेब, बाकी सगळं नवं आहे. एवढी कडी मिळवा, मी बसवून देतो."

कडीसाठी मी कंपनीला पुन्हा लिहिलं आहे.