संगणकासाठी बॅटरी घेताना : यू.पी.एस. की इन्व्हर्टर?



टेंभुर्णी परिसरात पंपाची मोटार घेताना आपण विहिरीचे पाणी, उंची, पाइप सगळे मोजतो. संगणकाची बॅटरी मात्र दुकानदार देईल ती उचलून आणतो. हे बरे नव्हे. प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मंजूर केली. ऊस नोंद, पीक विम्याचा अर्ज, सोसायटीचा हिशेब ही कामेही आता संगणकावर होतात. वळवाच्या वाऱ्यात डीओ उडाला की जतन न झालेली नोंद गेलीच समजा. लागणीच्या तारखेवर उसाच्या तोडीचा क्रम लागतो. तीच नोंद गळाली तर नुकसान कोणाचे?

खरेदीपूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : लाइन गेल्यावर काम फक्त जतन करून संगणक बंद करायचा आहे, की काम पुढे चालू ठेवायचे आहे?

नुसते बंद करायचे असेल तर ६०० व्ही.ए. चा यू.पी.एस. पुरतो. मात्र व्ही.ए. म्हणजे वॅट नव्हे. असा यू.पी.एस. साधारण ३६० वॅटच ओढतो. संगणक, पडदा व राउटर मिळून १३० वॅट धरले, तर त्यातली १२ व्होल्ट, ७ ए.एच. ची बॅटरी नवी असताना १५-२० मिनिटे टिकते.

काम चालू ठेवायचे असेल तर इन्व्हर्टर घ्यावा. १२ व्होल्ट गुणिले १५० ए.एच. म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडी वीज खातो, म्हणून हाती हजारच धरा. भागिले १३०, म्हणजे सुमारे सात तास. त्यावर पंखे, दिवे लावले की तास तेवढे कमी होणार.

काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा व त्याचे बटण ‘यू.पी.एस.’ वर ठेवावे. नाहीतर लाइन बदलताना संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो.

२) लेझर प्रिंटर बॅटरीवर लावू नये. तापताना तो शेकडो वॅट ओढतो.

३) रब्बीत मोटारी चालू झाल्या की बऱ्याच ठिकाणी व्होल्टेज उतरते. किती व्होल्टपर्यंत यू.पी.एस. बॅटरीवर न जाता चालतो, हे खोक्यावर वाचून घ्यावे. वरचेवर बॅटरीवर गेला की बॅटरी लवकर बसते.

४) ट्यूब्युलर बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे, बोअरचे पाणी नको. ती हवेशीर जागी ठेवावी. चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो.

५) अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.

६) जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये, त्यात शिसे व आम्ल असते. दुकानदाराला परत देऊन किंमत वजा करून घ्यावी.

दर महिन्याला एकदा मेन स्विच बंद करून बॅटरी किती वेळ टिकते ते घड्याळ लावून पाहावे व वहीत लिहावे. वेळ निम्म्यावर आली की बॅटरी बदलावी. ऐन मार्चअखेरीस धावपळ करण्यापेक्षा हे सोपे, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी