थेंब न सांडता तापणारी गाडी

गाडीखाली पाण्याचा थेंब नाही, तरी कुलंटची पातळी उतरत जाते. सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा जागचा हलत नाही. पुण्याहून बारामतीला येताना दिवे घाट लागला, किंवा गळीत हंगामात भवानीनगरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे रांगावं लागलं, की मात्र तो वर चढतो. गाडी जुनी असेल तर इंजिन खोलण्याआधी कुलंटची प्लास्टिकची टाकी नीट पाहून घ्यावी.

ही टाकी दोन प्रकारची असते. मारुती 800 सारख्या गाड्यांत दाबाचं झाकण रेडिएटरवर असतं आणि बाजूची बाटली बिनदाबाची असते. 20 अंशांवरून 100 अंशांपर्यंत तापताना पाणी साधारण 4 टक्के फुगतं. ते जास्तीचं पाणी बाटलीत जातं आणि इंजिन गार झालं की परत ओढलं जातं. बाटली तडकली तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते. दुसऱ्या प्रकारात दाबाचं झाकण टाकीवरच असतं आणि सगळा दाब टाकी सोसते. इथली तडे गेलेली टाकी जास्त धोक्याची.

झाकणावर बहुधा 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो. चौरस सेंटिमीटरला तेवढे किलो दाब धरून ठेवायचा, असा त्याचा अर्थ. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरच्या बारामतीत उघड्या भांड्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. 0.9 च्या झाकणाखाली तेच पाणी 118 अंशांपर्यंत तग धरतं आणि निम्मं कुलंट मिसळलं असेल तर साधारण 125 पर्यंत. टाकीच्या वरच्या भागाला, पाण्याच्या पातळीच्या वर तडा गेला तर पाणी सांडत नाही, नुसती वाफ निसटते. रिंग सैल झालेल्या कुकरसारखी गत होते: भांडं भरलेलं, पण दाब धरत नाही. त्यात पातळी उतरली म्हणून कोणी रोज साधं पाणी ओतत राहिलं, तर हाताशी असलेले सव्वीस-सत्तावीस अंश निघून जातात. सिलिंडर हेडच्या सर्वांत तापलेल्या भागात वाफेचे फुगे धरतात. वाफ पाण्यासारखी उष्णता उचलत नाही, म्हणून तिथला धातू आणखी तापतो आणि शेवटी हेड वाकतं.

तडा जातो कशाने? बहुतेक टाक्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. उष्णता आणि ऑक्सिजन मिळून या प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडत असतात. हे तुटणं लांबवण्यासाठी कारखान्यात घातलेली रसायनं वर्षानुवर्षांच्या तापण्यात संपून जातात. पांढुरकी टाकी आधी पिवळी, मग तपकिरी होते. लवचीकपणा गेला की रोजचं तापणं-निवणं तिला सोसत नाही. दोन अर्धे भाग जोडलेली शिवण आणि पाइप बसवण्याचं नाकाड, इथं पहिला तडा शोधावा. पातळीखालच्या केसाएवढ्या तड्यातून आलेलं कुलंट गरम इंजिनवर लगेच वाळतं. खाली थेंब पडत नाही, पण तड्याशी पांढरट किंवा रंगीत पापुद्रा उरतो.

फेविक्विक, एम-सील लावून पाहण्याचा मोह होतोच. पण पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग मेणचट असतो, त्याला हे डिंक धड चिकटत नाहीत. दाब आणि उष्णता आली की चकती सुटते. त्याच प्लास्टिकची काडी वितळवून केलेलं वेल्डिंग बरं, तरी शेजारचं प्लास्टिक म्हातारंच राहतं.

पाण्याचाही प्रश्न आहे. आपल्याकडे थंडीत रेडिएटर गोठत नाही, मग कुलंट कशाला, असं विचारलं जातं. ते उकळणबिंदू वाढवतं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गंज रोखतं. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातल्या कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या आहेत, तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यातही क्षार असतात. ते तापलं की चुन्याचा थर धरतो आणि क्लोराइड अॅल्युमिनियम खातं. रस्त्यात अडल्यावर मिळेल ते पाणी घालायला हरकत नाही. घरी आल्यावर मात्र ते काढून बॅटरीचं पाणी आणि कुलंट भरावं.

रस्त्यात काटा चढला तर एसी बंद करावा, गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करून निवू द्यावं. झाकण लगेच उघडू नये. दाब सुटताच 100 अंशांपलीकडचं पाणी क्षणात उकळून उसळतं आणि हात-तोंड भाजतं. काटा अचानक खाली आला तरी निर्धास्त होऊ नये. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला तर तो खरं तापमान दाखवत नाही.

टाकी बदलताना झाकणही नवं घ्यावं आणि आत अडकलेली हवा काढून घ्यावी. काढलेलं कुलंट गोठ्याजवळ ओतू नये. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतं आणि विषारी असतं. कुत्री, वासरं ते चाटतात. भंगारातल्या दुसऱ्या गाडीची टाकी स्वस्त पडते, पण तीही तेवढीच वर्षं तापलेली असते. टायर आणि बॅटरी झिजतात हे आपण धरूनच चालतो. जुन्या गाडीत ही टाकीही त्याच यादीत धरावी, कारण तिची किंमत वाकलेल्या हेडच्या खर्चापुढे काहीच नाही.