एका डॉलरचे मैदान

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, त्याचे आपल्याला काय, असे आमचे वाचक म्हणतील. आम्हालाही त्या पांढऱ्या चेंडूत काडीचा रस नाही. पण जनतेच्या पैशातून झालेल्या मैदानावरून माणसाला कातडीच्या रंगावरून हाकलले जाते, तेव्हा प्रश्न खेळाचा राहत नाही.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरो शहरात गिलेस्पी पार्क हे मैदान शहराच्या आणि केंद्र सरकारच्या पैशातून उभे राहिले. म्हणजे काळ्यांच्या करातूनही! काळे लोक खेळायला मागू लागताच शहराने ते १९४९ मध्ये एका क्लबला वर्षाला एक डॉलर भाड्याने देऊन टाकले. झाले मैदान खासगी! काळ्यांसाठी नोचो पार्क हे वेगळे मैदान काढले, तेही सांडपाणी प्रकल्पाच्या शेजारी. गावकुसाबाहेरच्या वस्तीत वाढलेल्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

७ डिसेंबर १९५५ रोजी दंतवैद्य डॉ. जॉर्ज सिम्किन्स पाच सहकाऱ्यांसह गिलेस्पी पार्कवर गेले. बरोबर एक महिन्यापूर्वी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अटलांटाच्या सार्वजनिक गोल्फ मैदानांवरील वर्णभेदाविरुद्ध निकाल दिला होता. तरीही येथे नकारच मिळाला. तेव्हा फीचे पैसे टेबलावर ठेवून ते सरळ खेळू लागले. सहाही जणांना अटक झाली. गुन्हा कोणता? तर बेकायदा प्रवेश!

१९५७ मध्ये संघराज्य न्यायालयाने सांगितले की, भाडेकराराच्या आडून शहराला जबाबदारी टाळता येणार नाही. आमच्या वाचकांना येथे महाड आठवेल. चवदार तळे खासगी मालकीचे आहे, असा दावा घेऊन तेथील सनातनीही बाबासाहेबांविरुद्ध कोर्टात गेले होते आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो १९३७ मध्ये फेटाळला. हक्क मागितला की सार्वजनिक वस्तू एका रात्रीत खासगी होते, ही युक्ती दोन्हीकडे सारखीच!

ग्रीन्सबरोत पुढे काय झाले? हुकूम अमलात येण्याआधी मैदानावरचे क्लबहाऊस जळाले आणि शहराने मैदानच बंद केले. आम्ही खेळणार नाही, पण तुम्हालाही खेळू देणार नाही! इकडे राज्याच्या न्यायालयाने सहाजणांना ३० दिवसांची कैद सुनावली होती. संघराज्य न्यायालयाचा निकाल त्या खटल्याच्या कागदपत्रांत रीतसर दाखल झाला नव्हता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा कायम ठेवली. वकिलाच्या कागदातली एक उणीव किती महाग पडते, हे आमच्या कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. अखेर गव्हर्नरने तुरुंगवास रद्द करून दंडावर निभावले.

मैदान डिसेंबर १९६२ मध्ये सर्वांसाठी उघडले. पूर्वी १८ होल होते, उरले नऊ.

डॉ. सिम्किन्स मात्र तेवढ्यावर थांबले नव्हते. त्याच वर्षी त्यांनी शहरातील दोन इस्पितळांवर खटला भरला. केंद्राचे अनुदान घेऊन ती काळ्या रुग्णांना आणि डॉक्टरांना दूर ठेवत होती. १९६३ मध्ये अपिलात तेही जिंकले.