तापलेले इंजिन

यवतमाळ जिल्ह्यातील ढाणकी परिसरात वैशाखात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर चढतो. अशा उन्हात मोटारीचा उष्णतादर्शक काटा तांबड्या खुणेकडे सरकू लागला, तर मोटार कडेला थांबवून इंजिन बंद करावे.

इंजिनात पेट्रोल जळताना वायूंचे तापमान २००० अंशांच्याही वर जाते. ही उष्णता शोषण्यासाठी इंजिनाभोवती पाणी व शीतकद्रव यांचे मिश्रण पंपाने खेळविलेले असते. तापलेले मिश्रण रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाते, वाऱ्याने निवते व पुन्हा इंजिनाकडे परतते. या फेऱ्यात कोठे खंड पडला, की इंजिन तापते.

रेडिएटरचे झाकण मात्र लगेच उघडू नये. आतील दाबामुळे पाणी १०० अंशांपलीकडे तापूनही उकळत नाही. झाकण उघडताच तो दाब नाहीसा होतो, पाणी उसळून त्याची वाफ होते आणि उघडणाऱ्याचे हात व तोंड भाजते.

इंजिन पूर्ण निवल्यावर कारण शोधावे. प्रथम मिश्रणाची पातळी पाहावी. ती उणी असेल, तर रबरी नळ्यांना चीर पडली आहे काय, हे तपासावे. पातळी पुरेशी असेल, तर पंपाचा पट्टा सैल झाला आहे काय, रेडिएटरच्या जाळीत धूळ वा कापसाचे तंतू अडकले आहेत काय, हे पाहावे. एवढ्याने उलगडा न झाल्यास कारागिरास बोलवावे.

तापलेल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नये. धातू एकाएकी आकसून त्यास तडा जाण्याचा संभव असतो. थोडा वेळ थांबल्याने प्रवास लांबतो खरा. परंतु इंजिन व माणूस दोन्ही सुरक्षित राहतात.