तंबोरा मोठा घ्यावा की लहान?

आपल्या न्यासाच्या महोत्सवी वर्षात ज्या नव्या गोष्टी योजिल्या आहेत, त्यांत गायनवर्गासाठी स्वतःचे तंबोरे घेणे ही एक होय. आजवर हा वर्ग पेटीच्या सुरावर आणि अलीकडे मोबाइलमधून निघणाऱ्या तंबोऱ्याच्या आवाजावर चालत आला. देणगी देऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांकडून आता विचारणा होऊ लागली आहे, आणि प्रत्येकाचे म्हणणे निराळे पडते. कोणी म्हणतात, वडिलांच्या स्मरणार्थ द्यावयाचा तर पाच फुटी, भरघोस भोपळ्याचा मिरजेचा तंबोरा द्यावा. व्यासपीठावर तो शोभून दिसेल. कोणी म्हणतात, त्याऐवजी लहान दोन घ्यावेत. मुलांना ते हाताळता येतील आणि नवनगरातील आटोपशीर घरांतही मावतील.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु तंबोऱ्याचा आकार हा शोभेचा किंवा सोयीचा प्रश्न होण्यापूर्वी स्वराचा प्रश्न आहे, इकडे दोन्ही पक्षांचे लक्ष गेलेले दिसत नाही. गाणाऱ्याचा षड्ज कोणता, हे ठरल्यावाचून आकार ठरविणे म्हणजे पायाचे माप न घेता जोडा आणण्यासारखे आहे. म्हणून देणगीदार बंधुभगिनींपुढे या विषयाची थोडी माहिती ठेवावी, असे आम्हांस वाटले.

वाद्याची घडण

तंबोरा म्हटला की आपल्या भागात मिरजेचे नाव प्रथम निघते. एकोणिसाव्या शतकात तेथील शिकलगार मंडळी, ज्यांचा मूळ व्यवसाय शस्त्रांना धार लावण्याचा होता, तंतुवाद्यांच्या कामाकडे वळली आणि पुढे ‘सितारमेकर’ या आडनावानेच ओळखली जाऊ लागली. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांसाठी लागणारा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतांतून येतो. हा खाण्याचा भोपळा नव्हे. तो जाड सालीचा व कडू असतो. तो वाळवून कापतात, त्यावर लाकडाची तबली बसवितात आणि वर पोकळ दांडी जोडतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दांडी किती लांब ठेवावी हे कारागिराच्या हाती असते. भोपळा केवढा यावा हे मात्र वेलीच्या हाती असते. मोठ्या घेराचा, गोल आणि निर्दोष भोपळा क्वचितच मिळतो. मोठा तंबोरा महाग पडतो, याचे हे एक कारण होय.

ढोबळ मानाने पाहता तीन मापे प्रचारात आहेत. पुरुषांचा तंबोरा सुमारे साडेचार ते पाच फूट, जनानी तंबोरा चार ते साडेचार फूट, आणि लहान तंबोरी तीन ते साडेतीन फूट लांब असते. तंबोरी पुष्कळदा सतार, सरोद यांसारख्या वाद्यांच्या साथीस घेतात. यांखेरीज प्रवासासाठी भोपळ्याऐवजी चपट्या लाकडी पेटीचे तंबोरेही बनविले जातात.

तारेचे गणित

तारेचा स्वर तीन गोष्टींवर अवलंबून असतो: तिची लांबी, तिचा ताण आणि तिचे वजन. ताण व तार तीच ठेवून लांबी एक-तृतीयांशाने कमी केली, तर षड्जाचा पंचम होतो. लांबी एक-चतुर्थांशाने कमी केली, तर षड्जाचा मध्यम होतो. म्हणजे लहान तंबोरा स्वभावतःच वरच्या पट्टीचा असतो. त्यात दोष काही नाही. तो त्याचा धर्मच आहे.

अडचण येते ती लहान तंबोऱ्याकडून मोठ्याचा स्वर मागितला असता. समजा, तारेची लांबी पाऊणपट आहे आणि स्वर मात्र मोठ्या तंबोऱ्याचाच हवा आहे. तार तीच ठेवली तर ताण जवळजवळ निम्म्यावर, नेमके सांगावयाचे तर ५६ टक्क्यांवर, आणावा लागेल. अशी सैल तार छेडताच लोळते, तिचा स्वर क्षणभर चढून मग उतरतो आणि जवारी नीट बोलत नाही. ताण पूर्वीइतकाच ठेवावयाचा तर तार एक-तृतीयांशाने जाड घ्यावी लागेल. आणि जाड, आखूड तार ताठर झाल्याने तिच्यातील वरचे स्वर जागच्या जागी राहत नाहीत.

हे वरचे स्वर म्हणजेच तंबोऱ्याचा प्राण होय. घोडीचा माथा किंचित गोलाकार घासलेला असतो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून ती नेमक्या जागी बोलती करतात. यालाच जवारी काढणे म्हणतात. अशी जुळलेली तार एका स्वराबरोबर त्याच्या पोटातील अनेक स्वर ऐकविते. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार हा मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा असतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० नंतरच्या सुमारास आपल्या या तंतुवाद्यांचा अभ्यास केला. तार छेडण्याच्या जागेमुळे जे वरचे स्वर नियमाप्रमाणे उमटू नयेत, तेही या घोडीमुळे उमटतात, असे त्यांनी दाखवून दिले. आमच्या गवयांच्या कानाला जे ठाऊक होते, त्यास शास्त्राची साक्ष मिळाली.

आता भोपळ्याकडे पाहू. काळी एक हा षड्ज धरला तर जोडाच्या तारा सेकंदाला सुमारे १३९ कंपने करतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, सुमारे ६९. इतका खालचा स्वर हवेत भरून टाकण्यास रुंद तबली व मोठी पोकळी लागते. काळी चार हा षड्ज असेल तर हेच आकडे सुमारे २०८ आणि १०४ होतात. तेथे मध्यम भोपळाही पुरेसा पडतो. लहान भोपळ्यावर फार खालचा खर्ज लावला तर कान त्याच्या वरच्या स्वरांवरून मूळ स्वर ओळखतो खरा, परंतु ज्याला आपण भरदारपणा म्हणतो तो लाभत नाही.

परदेशी वाद्याचे उदाहरण

आपल्या घरांतील तरुण मुले हल्ली गिटार शिकतात. त्यांच्याकडून आम्हांस नेहमी ऐकावे लागते की, गिटारीत लहान आकार चालतो, मग तंबोऱ्यातच एवढी चिकित्सा कशाला? प्रश्न रास्त आहे.

अमेरिकेतील गिब्सन कंपनीने १९३६ साली विजेवर वाजणारी पोकळ गिटार बाजारात आणली. १९४९ साली तिची ‘ईएस-१७५’ ही पुढे फार नावाजलेली गिटार आली. तिचे अंग सव्वासोळा इंच रुंद होते. लगेच १९५० च्या सुमारास त्याच घडणीची ‘ईएस-१४०’ ही लहान गिटार निघाली. तिचे अंग पावणेतेरा इंच होते. या दोहोंची तुलना उद्बोधक आहे. अंगाची रुंदी एक-पंचमांशाहून अधिक घटली, परंतु तारेची लांबी पावणेपंचवीस इंचांवरून पावणेतेवीस इंचांवर, म्हणजे अवघी आठ टक्क्यांनी, उतरविली. त्यामुळे तीच तार त्याच स्वरात लावूनही ताण सुमारे १५ टक्केच कमी होतो. तेवढ्याने तार बोटाखाली किंचित मऊ लागते; लहान हाताला ते सुखाचेच असते.

दुसरे असे की, त्या गिटारीत तारेखाली चुंबक व तारेचे वेटोळे बसविलेले असते. आवाज मोठा करण्याचे काम ध्वनिवर्धक करतो, पोकळ अंग नव्हे. अंगामुळे आवाजाला गोडी येते खरी, पण मोठे पोकळ अंग ध्वनिवर्धकाचा आवाज पुन्हा आपल्यात घेऊन घुमू लागते आणि मोठ्या आवाजात वाजविताना तो एक उपद्रवच होतो. लहान अंगास हा त्रास सहसा कमी होतो.

तंबोऱ्याचे तसे नाही. त्याला स्वतःच्या अंगावाचून दुसरा आधार नाही. समोर मायक्रोफोन ठेवला तर लहान तंबोऱ्याचा आवाज दूरवर जाईल. त्याचा षड्ज मात्र त्यामुळे बदलणार नाही. शिवाय गिटारीचे स्वर सर्वांसाठी ठरलेले असतात, तर तंबोरा ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे लावावयाचा असतो. म्हणून गिटारीचा न्याय तंबोऱ्यास लागू पडत नाही.

कोणासाठी कोणता?

पुरुषांचा षड्ज बहुधा पांढरी एक ते काळी दोन यांच्या आसपास, तर स्त्रियांचा काळी चार ते काळी पाच यांच्या आसपास असतो. लहान मुलांचे गळे, मुलगा असो वा मुलगी, साधारणपणे स्त्रियांच्या पट्टीकडेच झुकतात. परंतु पुरुषी आणि जनानी ही नावे म्हणजे नियम नव्हे, हे आपल्याच मातीतील थोर गवयांनी दाखवून दिले आहे. मिरजेस राहिलेले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ पुरुष असूनही उंच पट्टीत गात. त्यांचे शिष्य कुंदगोळचे सवाई गंधर्व. आणि सवाई गंधर्वांच्या शिष्या म्हणजे आपल्या हुबळीच्या गंगूबाई हनगल. गंगूबाईंचा आवाज तरुणपणी घशाच्या उपचारानंतर बदलला आणि तो पुरुषांच्या आवाजाइतका भारदस्त झाला. एकाच परंपरेत गुरूंचे गुरू उंच गातात आणि शिष्या खाली गाते. तेव्हा बाई की पुरुष हे न पाहता षड्ज पाहावा, हेच खरे.

यावरून आपल्या वर्गापुरता निर्णय स्पष्ट होतो. वर्गात मुले आणि गृहिणी यांची संख्या अधिक आहे. त्यांच्यापुढे पाच फुटी पुरुषी तंबोरा ठेवला तर दोनच गोष्टी घडतील. एक तर त्याच्या तारा न पेलणाऱ्या पट्टीपर्यंत ताणून तुटतील. नाहीतर तंबोऱ्याच्या सोयीसाठी मुलांना खालच्या पट्टीत गावे लागेल. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला मंद्रातले स्वर न मिळाले म्हणजे ती दोष स्वतःच्या गळ्याला देते, तंबोऱ्याला नव्हे. चार महिन्यांत ती वर्ग सोडते आणि ‘मला गाणे येत नाही’ हे वाक्य जन्मभर जवळ बाळगते. देणगी देणाऱ्या कोणाच्याही मनात असे नसते. तरीही चुकीच्या मापाच्या वाद्याने हे घडते.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रथम काळी चारच्या आसपास बोलणारे दोन जनानी तंबोरे घ्यावेत आणि धाकट्या मुलांसाठी एक तंबोरी घ्यावी. तंबोरी आडवी ठेवून वाजविता येते, तेव्हा लहान हाताला ती जड जात नाही. गर्दीच्या वेळी चिगरी बसमधून धारवाडला न्यावयाची झाली तरी एकट्याला सांभाळता येते. पुरुषांचे भजनी मंडळ आणि बाहेरून येणारे गायक यांच्यासाठी मोठा तंबोरा अवश्य हवा. पण तो त्यानंतर घ्यावा, आणि तो ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याच पट्टीत लावलेला असावा. एकाच तंबोऱ्यावर तारा न बदलता एक-दोन पट्ट्या वरखाली करता येतात. त्याहून अधिक अपेक्षा धरू नये.

खरेदीस जाताना काही पथ्ये पाळावीत. प्रत्येक विद्यार्थ्याचा षड्ज शिक्षकांकडून लिहून घ्यावा आणि तो कागद कारागिरापुढे ठेवावा. गाणारे एक माणूस सोबत असावे. तंबोरा पंचमात आणि मध्यमात, दोन्ही तऱ्हांनी लावून ऐकावा. भोपळ्यास चीर नाही ना, गळ्याचा सांधा पक्का आहे ना, खुंट्या सरकत नाहीत ना, हे निरखावे. रंग व नक्षी यांकडे सर्वांत शेवटी पाहावे. जवारी कालांतराने झिजते, तेव्हा ती पुन्हा काढून घेण्याच्या खर्चाची तरतूदही देणगीतच असावी. धारवाडकडील पावसाळी हवेत भोपळा व लाकूड ओलावा धरतात. यास्तव वाद्य गवसणीत आणि भिंतीपासून दूर ठेवावे.

मोबाइलमधला तंबोरा टाकून द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. घरच्या रियाजास आणि प्रवासात तो उपयोगी आहे. परंतु तार स्वतः लावताना कानाला जी सवय होते, ती कळ दाबून होत नाही. आणि गायनवर्ग हा कान तयार करण्यासाठीच असतो.

देणगीदारांस शेवटी एवढेच सांगणे आहे. तंबोऱ्यावर कोरलेले नाव भोपळ्याच्या घेराने लहानमोठे होत नाही. ज्या वाद्याजवळ बसून आपल्या नवनगरातील एखाद्या मुलीला आपला षड्ज सापडेल, तेच वाद्य मोठे. सोबत कोऱ्या जागेचे पान जोडले आहे. त्यावर आपल्या घरातील विद्यार्थ्याचा षड्ज लिहून कार्यालयात द्यावा, म्हणजे मिरजेस जाण्याचे काम लवकर हाती घेता येईल.